बुडालेल्या रोजाचा हिशेब: आदारकर अहवाल आणि कामगार विम्याची घडण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरणी कामगाराला आजारपणाची किंमत दोन प्रकारे मोजावी लागत असे. डॉक्टर, औषधे आणि पथ्यपाणी यांवरचा खर्च हा त्यातला उघड भाग होता. बुडालेला रोज हा दुसरा भाग कोणत्याही खर्चाच्या वहीत चढत नसे, परंतु बहुतेक कुटुंबांना त्याचीच झळ अधिक बसे. पंधरा दिवस तापाने अंथरुणाला खिळलेल्या विणकराचा पगार कापला जाई, त्याच्या मागावर बदली कामगार उभा राही, मजूर नेमणाऱ्या मुकादमाची, म्हणजे जॉबरची, मर्जी फिरली तर जागा परत मिळण्याचीही शाश्वती नसे, आणि मधल्या काळात वाण्याची उधारी व सावकाराचे व्याज चालूच राही. आजार लांबला की कोकणातल्या किंवा घाटावरच्या गावी परत जाणे हा एकच मार्ग उरे, म्हणजे कारखान्यात झिजलेल्या शरीराच्या पालनाचा भार अखेर शेतीवर आणि घरच्या माणसांवर पडे. कामगाराच्या आजारपणाचा खर्च मालकाने उचलावा, कामगाराने उचलावा, की सरकारने, हा प्रश्न भारतात प्रथम याच पार्श्वभूमीवर उभा राहिला. नैतिक आवाहनापेक्षा अर्थशास्त्रीय मांडणीतून त्याचे पहिले व्यवस्थित उत्तर मिळाले, ही गोष्ट या इतिहासात विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

आरंभीच्या कायद्यांनी सोपा वाटणारा मार्ग धरला आणि सारी जबाबदारी मालकावर टाकली. १९२३ च्या कायद्याने कामावर अपघात झाल्यास नुकसानभरपाई देणे मालकाला बंधनकारक झाले. कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले प्रसूतिलाभाचे विधेयक फेटाळले गेले, तरी मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये तसा कायदा केला. देशातील तो पहिलाच. त्याच्या चर्चेत, जुलै १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलेली भूमिका पुढील घडामोडींच्या दृष्टीने मोलाची ठरते. लोककल्याणाची मुख्य जबाबदारी सरकारची असल्यामुळे या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा हे त्यांना मान्य होते. मात्र स्त्रीच्या श्रमातून मालकाला नफा होत असल्याने त्यानेही काही भार सोसणे न्याय्य आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रत्यक्ष कायद्यात सरकारचा वाटा आला नाही. परिणामी ज्या कारखान्यात अधिक स्त्रिया, त्या कारखान्यावर अधिक बोजा, अशी स्थिती निर्माण झाली, आणि गर्भवती कामगाराला वेळेआधी काढून टाकणे किंवा मुळात स्त्रियांना घेणेच कमी करणे मालकाच्या हिशेबात फायद्याचे ठरू लागले. गिरण्यांमधील स्त्रियांचे प्रमाण पुढे घटले त्याला हा एकच कायदा कारण नव्हता. तरीही ज्याच्या संरक्षणासाठी कायदा करावा त्यालाच कामावर ठेवणे महाग पडावे, हा दोष त्यात उपजतच होता, आणि सद्भावनेने केलेल्या कायद्याने आपल्याच हेतूवर पाणी फिरवण्याचे याहून स्पष्ट उदाहरण त्या काळात सापडणे कठीण आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२७ मध्ये आजारपणाच्या विम्याविषयीचे दोन करार संमत केले होते, पण भारत सरकारने ते स्वीकारले नाहीत. कामगार स्थिर नाही, गावी ये-जा करतो. डॉक्टर पुरेसे नाहीत. पगारातून कपात त्याला रुचणार नाही. आणि तो वर्षाकाठी किती दिवस आजारी असतो याची आकडेवारीच उपलब्ध नाही, अशी कारणे पुढे करण्यात आली. यातील शेवटचे कारण वजनदार होते. विमा म्हणजे अनेकांवर येऊ शकणारी जोखीम एकत्र करून तिचा खर्च सर्वांत विभागणे. आणि किती जणांना, किती वेळा, किती दिवस लाभ द्यावा लागेल याचा संभाव्यतेच्या आधारे अंदाज बांधणारे शास्त्र म्हणजे विमागणित. हा अंदाज नसेल तर हप्ता किती घ्यावा हे ठरवता येत नाही. तथापि आकडेवारी नाही म्हणून योजना नाही, आणि योजना नाही म्हणून आजारपणाची नोंद ठेवण्याचे कोणाला कारण नाही, या चक्रात जवळजवळ पंधरा वर्षे निघून गेली. कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने आजारपणाच्या विम्याचा विचार व्हावा असे सुचवले होते, आणि १९३७ च्या प्रांतिक काँग्रेस मंत्रिमंडळाने नेमलेल्या मुंबईच्या कापडगिरणी कामगार चौकशी समितीनेही, जिचे एक सदस्य अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते, हा विषय पुढे रेटला. पण निर्णय झाला नाही.

जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. महायुद्धामुळे कारखाने रात्रंदिवस चालू होते, उत्पादनात खंड पडणे सरकारला परवडणारे नव्हते, आणि सरकार, मालक व कामगार या तिन्ही पक्षांच्या परिषदा भरू लागल्या होत्या. डिसेंबर १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरील अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याची चर्चा भारतातही पोहोचली. मार्च १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे सोपवण्यात आले. आदारकर डॉक्टर नव्हते आणि कामगार पुढारीही नव्हते. संघराज्याच्या वित्तव्यवस्थेवर १९३३ मध्ये आणि भारताच्या चलनविषयक धोरणावर १९३९ मध्ये त्यांनी ग्रंथ लिहिले होते; कर कोणी भरायचा, कोणत्या सरकारने खर्च करायचा आणि या दोहोंचा मेळ कसा घालायचा, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. आरोग्याचा प्रश्न अशा माणसाच्या हाती गेल्यामुळेच त्याला करुणेच्या आवाहनाऐवजी ताळेबंदाचे रूप मिळाले, आणि ताळेबंद मांडला गेल्यामुळेच तो सरकारला टाळता आला नाही. १५ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांनी सादर केलेल्या अहवालामुळे पुढे त्यांना ‘छोटा बेव्हरिज’ हे नाव पडले.

योजना सक्तीची असावी हे आदारकरांच्या मांडणीचे पहिले सूत्र होते, आणि त्यामागील तर्क समजून घेण्यासारखा आहे. विमा ऐच्छिक ठेवला तर ज्याला आपण आजारी पडणार असे वाटते तोच आधी नाव नोंदवतो, धडधाकट तरुण बाहेर राहतो, खर्च वाढून हप्ता वाढतो आणि त्यामुळे उरलेसुरले निरोगी सभासदही निघून जातात. अर्थशास्त्रात याला प्रतिकूल निवड असे म्हटले जाते. सक्तीमुळे तरुण आणि वृद्ध, सशक्त आणि रोगट, सारे एकाच निधीत येतात. वर्गणीचे तत्त्व हे दुसरे सूत्र. मालक आणि कामगार दोघांनीही निधीत भर घालायची, म्हणजे लाभ हा दयेचा विषय न राहता हक्काचा होतो. आणि मालकाचा वाटा एखाद्या विशिष्ट कामगाराच्या आजारपणाशी निगडित नसल्यामुळे तिला किंवा त्याला काढून टाकण्यात मालकाचा फायदा उरत नाही. प्रसूतिलाभालाही हे तत्त्व लावले तर १९२९ च्या कायद्यातील दोषावरचा नेमका उपाय तेच ठरत होते. योजना साधी, कमी खर्चात चालणारी, आर्थिकदृष्ट्या स्वतःच्या पायावर उभी राहणारी आणि तंटेबखेड्यांना कमीत कमी वाव देणारी असावी, यावर अहवालाचा भर होता. कामगारांचे कायम, तात्पुरते आणि नैमित्तिक असे तीन वर्ग त्यांनी पाडले, कारण बदली आणि रोजंदारीवर चालणाऱ्या उद्योगात सर्वांना एकच नियम लावला असता तर सर्वांत गरजू कामगारच बाहेर राहिला असता. क्षेत्र मात्र त्यांनी जाणीवपूर्वक मर्यादित ठेवले होते: कापड, अभियांत्रिकी आणि खनिज व धातू हे तीनच उद्योगसमूह.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे तज्ज्ञ मॉरिस स्टॅक आणि आर. राव यांनी १९४५ मध्ये या योजनेची तपासणी केली. मूळ तत्त्वे त्यांनी मान्य केली, प्रसूतिलाभ आणि अपघाताची भरपाई त्याच योजनेत आणण्याचे सुचवले, आणि तिची व्याप्ती तीन उद्योगांपुरती न ठेवता सर्व बारमाही कारखान्यांपर्यंत वाढवण्यास सांगितले. या सूचना निःसंशय हिताच्या होत्या. परंतु रोख लाभ आणि वैद्यकीय सेवा यांचा कारभार वेगळा करावा, रोख रक्कम विमा महामंडळाने द्यावी आणि दवाखाने प्रांतिक सरकारांनी चालवावेत, ही त्यांची आणखी एक सूचना होती, आणि तिचे परिणाम दूरवर पोहोचले. आरोग्य हा प्रांतांचा विषय असल्याने ही वाटणी घटनेला धरून होती. तथापि पैसा एकाकडे आणि डॉक्टर दुसऱ्याकडे असल्यामुळे कुठे औषध नाही, कुठे खाट नाही, अशी तक्रार घेऊन जावे तर दोन्ही कार्यालयांना एकमेकांकडे बोट दाखवण्याची सोय झाली. या योजनेच्या पुढील अनेक दशकांच्या दुखण्याचे मूळ वर्गणीच्या दरापेक्षा या विभागणीत शोधणे अधिक योग्य ठरेल.

नोव्हेंबर १९४६ मध्ये विधेयक मांडले गेले आणि एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा अस्तित्वात आला. विजेवर चालणारे, वीस किंवा अधिक माणसे असलेले बारमाही कारखाने आणि त्यांतील दरमहा ४०० रुपयांपर्यंत वेतन असणारे कामगार त्याच्या कक्षेत आले. दिवसाला एक रुपयाहून कमी मिळवणाऱ्या कामगाराकडून काहीही घ्यायचे नाही, त्याच्या वतीने फक्त मालकाने भरायचे, असे ठरले. केंद्र सरकारने पहिली पाच वर्षे प्रशासकीय खर्चाचा दोन तृतीयांश भाग द्यायचा आणि राज्यांनी वैद्यकीय खर्चात वाटा उचलायचा. याच सुमारास, १९४६ मध्ये, देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने अगदी वेगळा मार्ग सुचवला होता. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, आणि त्यासाठी करांच्या उत्पन्नातून गावोगाव आरोग्यसेवा उभारावी, अशी तिची भूमिका होती. आदारकरांची योजना कारखान्याच्या फाटकापाशी थांबत होती, पण तिच्यामागे हक्काचा निधी होता. भोर समितीची योजना सर्वांसाठी होती, पण तिचा निधी दर वर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून होता. स्वतंत्र भारताने दोन्ही मार्ग एकाच वेळी अर्धेअर्धे स्वीकारले.

२४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. कानपूरच्या ब्रिजेंद्र स्वरूप पार्कमधील सभेत पंडित नेहरू हिंदीतून बोलले, आणि त्यांनाच पहिले मानद विमाधारक करण्यात आले. विमा महामंडळाचे पहिले महासंचालक डॉ. चुनीलाल कात्याल हे पूर्वी लंडनच्या फिन्सबरी भागाचे महापौर होते, आणि तेथील १९३८ मधील प्रसिद्ध आरोग्यकेंद्र उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आरंभ दोनच शहरांत झाल्यामुळे एक अडचण उभी राहिली: कानपूरच्या गिरणीने वर्गणी भरायची आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरणीने नाही, तर स्पर्धेत कानपूर मागे पडणार. म्हणून १९५१ च्या दुरुस्तीने देशभरच्या मालकांवर विशेष वर्गणी बसवण्यात आली, योजना लागू झालेल्या भागात वेतनखर्चाच्या सव्वा टक्का आणि अन्यत्र पाऊण टक्का. मुंबईच्या कामगाराला सेवा मिळण्यापूर्वीच त्याचा मालक निधीत पैसे भरू लागला होता, ते यामुळे.

नागपूर आणि मुंबई येथे योजना १९५४ मध्ये आली. कानपूर-दिल्लीत सरकारी दवाखान्यांची पद्धत होती. मुंबईत मात्र खासगी डॉक्टरांनाच यादीवर घेण्याची, म्हणजे ‘पॅनल’ची पद्धत स्वीकारली गेली. लालबाग-परळच्या चाळींखालचा ओळखीचा डॉक्टर आता विम्याचा डॉक्टर झाला. कामगाराच्या नावाचे वर्गणीपत्रक कारखान्यात असे आणि त्यावर दर आठवड्याला वेतनगटानुसार तिकिटे चिकटवली जात. त्या तिकिटांच्या संख्येवर त्याचा पुढील हक्क ठरे. आजारी पडल्यावर पॅनलच्या डॉक्टरकडून दाखला घ्यायचा, तो महामंडळाच्या स्थानिक कार्यालयात द्यायचा, आणि पहिले दोन दिवस वगळून सुमारे निम्म्या रोजाइतकी रक्कम घ्यायची, असा क्रम होता. वर्षात ५६ दिवसांची मर्यादा होती, आणि कापसाच्या तुसात काम करून क्षयाने ग्रासलेल्या माणसाला ती क्रूरपणे तोकडी पडे. १९५६ पासून दीर्घ आजारांसाठी लाभाची मुदत वाढवण्यात आली, आणि १९५८ पासून कुटुंबीयांनाही वैद्यकीय सेवेत घेण्यास सुरुवात झाली. पाटीवर विम्याचे नाव असलेला दवाखाना ही गिरणगावातल्या माणसाला स्वतःच्या पगारातून मिळवलेली गोष्ट होती, आणि त्यामुळे तेथे त्याला हक्काने भांडताही येत असे.

वर्गणीवर उभ्या असलेल्या हक्काची दुसरी बाजू जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपाच्या काळात उघडी पडली. वेतन थांबले की वर्गणी थांबते, आणि वर्गणीचा काळ संपल्यावर काही महिन्यांनी लाभाचाही काळ संपतो. त्यामुळे ज्या वेळी सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरी उपासमार होती, त्याच वेळी विम्याचे छत्रही त्यांच्या डोक्यावरून सरकत गेले, आणि ज्या गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत तेथील कामगारांना ते परत मिळाले नाही. कायम रोजगार गृहीत धरून बांधलेली योजना रोजगारच नाहीसा झाल्यावर काय करणार, याचे उत्तर कायद्यात नव्हते. वेतनमर्यादा वेळोवेळी वाढून २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये झाली, आणि जुलै २०१९ मध्ये वर्गणीचा दर मालकासाठी ३.२५ टक्के व कामगारासाठी ०.७५ टक्के इतका खाली आला. पण शेतमजूर, घरकामगार आणि नाक्यावर उभा राहणारा बिगारी यांच्यापर्यंत ही विमायोजना पोहोचली नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून राजीव गांधी जीवनदायी आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य या नावाने जी योजना चालू आहे, तिच्यात रुग्णालयातील उपचारांचा भार सरकार करांच्या उत्पन्नातून उचलते; म्हणजे भोर समितीचा निधी आणि आदारकरांचे विम्याचे साधन यांची त्यात सांगड घातलेली आहे. शस्त्रक्रियेचा खर्च त्यातून निघतो, परंतु रुग्णालयात काढलेल्या आणि नंतर घरी पडून राहिलेल्या दिवसांचा रोज मात्र त्या बिगाऱ्याला कोणीही देत नाही.