रक्तातून कळणारा हृदयावरील ताण

डायलेटेड कार्डिओमायोपॅथी या विकारात हृदयाचा खालचा डावा कप्पा फुगतो, त्याची भिंत ताणली जाते आणि स्नायूंची आकुंचनशक्ती क्षीण होते. आनुवंशिक दोष, विषाणूजन्य दाह, अतिमद्यपान, कर्करोगावरील काही औषधे तसेच बाळंतपण ही त्याची काही कारणे होत. अनेकदा कारण सापडतही नाही.

प्रत्येक ठोक्याला कप्प्यातील किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, याला 'इजेक्शन फ्रॅक्शन' म्हणतात. निरोगी हृदयात ते साधारणतः ५५ ते ७० टक्के असते. ते इकोकार्डिओग्राफीने मोजतात. भिंतीवरील ताणाची कल्पना मात्र रक्ततपासणीतूनही येते. ताणलेल्या पेशी बीएनपी हे संप्रेरक आणि त्याच्या पूर्वरूपाचा निष्क्रिय तुकडा असलेले एनटी-प्रोबीएनपी रक्तात सोडतात. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना बीएनपी प्रथम डुकराच्या मेंदूत आढळले, म्हणून त्याच्या नावात 'ब्रेन' आले. त्याचा मुख्य उगम हृदयात आहे, हे नंतर उमगले. ट्रोपोनिन हे प्रथिन पेशींना होणारी इजा दर्शवते.

अचानक दम लागलेल्या रुग्णात बीएनपी मिलिलिटरमागे १०० पिकोग्रॅमपेक्षा कमी असल्यास हृदय निकामी होत असल्याची शक्यता कमी मानली जाते. तथापि हे आकडे निरपेक्ष नव्हेत. वार्धक्य व मूत्रपिंडाच्या विकारात ते वाढतात, स्थूलपणात घटतात. सॅक्युबिट्रिल या औषधाने बीएनपीचे विघटन मंदावते. त्यामुळे अशा रुग्णांत एनटी-प्रोबीएनपी अधिक विश्वसनीय ठरते.

आकडे सुधारले म्हणजे रोग गेला का? लंडनमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ट्रेड-एचएफ' चाचणीने याचे उत्तर शोधले. लक्षणे नाहीशी झालेल्या, इजेक्शन फ्रॅक्शन किमान ५० टक्क्यांवर आलेल्या आणि एनटी-प्रोबीएनपी २५० पिकोग्रॅमखाली असलेल्या ५१ रुग्णांची तीत निवड झाली. औषधे टप्प्याटप्प्याने थांबवलेल्या २५ जणांपैकी ११ जणांत सहा महिन्यांच्या आत विकार उलटला. औषधे चालू ठेवलेल्यांपैकी त्या काळात एकातही नाही.

सारांश, अहवाल उत्तम येणे हे बहुधा औषधांचेच फलित असते. ती बंद करण्याचा निर्णय रुग्णाने परस्पर घेऊ नये.