कक्षायामिकी

ग्रह, चंद्र, धूमकेतू आणि माणसाने सोडलेली याने अवकाशात कोणत्या वाटेने, किती वेगाने जातात याचा हिशेब मांडणारे शास्त्र. पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह क्षणोक्षणी तिच्याकडे पडतच असतो. आडवा वेग पुरेसा असल्याने तो जमिनीला टेकत नाही, इतकेच.

या शास्त्राचा पाया मंगळाने घातला, असे म्हणायला हरकत नाही. ट्यूको ब्राहेने दुर्बिणीविना घेतलेले मंगळाचे वेध वर्तुळात काही केल्या बसेनात. अखेर १६०९ मध्ये योहानेस केप्लरने मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे मांडले. ग्रह सूर्याजवळ आला की धावतो, दूर गेला की मंदावतो, हेही त्याचेच. त्यामागचे कारण न्यूटनने १६८७ मध्ये दिले. वाल्टर होमान या जर्मन स्थापत्य अभियंत्याने तर १९२५ मध्येच, एकही यान उडालेले नसताना, दोन ग्रहांच्या कक्षांना स्पर्श करणारी काटकसरीची वाट गणिताने आखून दाखवली.

हे सारे गणित भारताच्या मंगळयानात एकत्र दिसते. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून ते निघाले. पीएसएलव्ही या अग्निबाणात त्याला थेट मंगळाकडे धाडण्याइतकी ताकद नव्हती. म्हणून यान पृथ्वीभोवतीच फिरते ठेवून, उपभूपाशी म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळ आले की इंजिन पेटवायचे, असे ठरले. तिथे वेग सर्वाधिक, त्यामुळे तेवढ्याच इंधनात जास्त ऊर्जा पदरात पडते. आणि धक्का इथे दिला तरी कक्षा लांबते ती पलीकडच्या टोकाला. ११ नोव्हेंबरला सेकंदाला १३० मीटरने वेग वाढायचा होता, वाढला जेमतेम ३५ मीटरने. दुसऱ्याच दिवशी इंजिन पुन्हा पेटवून ही तूट भरून काढली. १ डिसेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, ते सुमारे २२ मिनिटे चालले आणि यान पृथ्वीच्या पकडीतून सुटले.

नेम धरला होता तो दहा महिन्यांनी मंगळ जिथे असेल त्या जागेवर. पृथ्वी आणि मंगळ अशा सोयीच्या स्थितीत साधारण २६ महिन्यांनी एकदाच येतात.

मुख्य इंजिन जवळपास तीनशे दिवस बंद होते. २२ सप्टेंबर २०१४ रोजी चार सेकंद पेटवून ते शाबूत असल्याची खात्री केली. २४ तारखेला काम उलटे होते: वेग कमी करायचा, नाहीतर यान मंगळाला ओलांडून निघून गेले असते. संदेश पोचायलाच साडेबारा मिनिटे लागत, त्यात यान मंगळाआड गेलेले. म्हणून सगळ्या आज्ञा आधीच त्याच्या संगणकात भरलेल्या होत्या. इंजिन सुमारे २३ मिनिटे चालले, वेग सेकंदाला १.१ किलोमीटरने उतरला आणि यान मंगळाभोवती सुमारे ४२२ ते ७७,००० किलोमीटरच्या लांबट कक्षेत फिरू लागले.