वाट पाहून पाहून

'धीराने देवाची वाट पाहा' हे ख्रिस्ती उपदेशातले फार वापरून गुळगुळीत झालेले वाक्य. त्याचा आधार बहुधा 40व्या स्तोत्राचा आरंभ असतो. मी हिब्रूचा पंडित नव्हे. शब्दकोश पुढ्यात ठेवून अक्षरे लावत जेवढी आली तेवढीच. पण या ओळीत 'धीर' असा वेगळा शब्द मूळात नाही, हे तेवढ्यावरही कळते. तिथे 'कावा' हे वाट पाहण्याचे क्रियापद (गनिमी काव्याशी त्याचा संबंध नाही) लागोपाठ दोनदा येते. ही द्विरुक्ती जोर देण्यासाठी आहे. अनुवादकांनी तिचा 'धीराने' केला. मराठीला खरे तर ही अडचण पडायला नको होती. आपल्याकडे लेकाची वाट पाहणारी आई 'वाट पाहून पाहून डोळे शिणले' असेच म्हणते. त्यात धीर असतो, तशी तगमगही असते. 'धीराने' म्हटले की तगमग गळते, आणि उपदेश गप्प बसवण्याच्या कामी येऊ लागतो.

याच क्रियापदाच्या कुळातला 'तिक्वा' म्हणजे आशा. यहोशवाच्या पुस्तकात राहाब खिडकीला जी किरमिजी दोरी बांधते, तिलाही 'तिक्वा'च म्हटले आहे. ताणलेल्या दोरीचे हे चित्र मला उपदेशकांच्या शांत सरोवरापेक्षा जास्त खरे वाटते.

दुसरा आवडता आधार याकोबाच्या पत्रातला. पाचव्या अध्यायाच्या सातव्या ओवीत शेतकरी येतो. आगोटीच्या आणि शेवटच्या पावसासाठी थांबणारा हा शेतकरी आपल्याकडच्या कोणालाही ओळखीचा वाटेल. वाचन पुष्कळदा इथून सुरू होते. पण तीनच ओव्या मागे गेले, तर तिथे शेत कापणाऱ्या मजुरांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या श्रीमंतांना याकोब फैलावर घेतो, आणि ती अडवलेली मजुरीच ओरडते आहे असे म्हणतो. धीर धरा हे त्यानंतर येते, आणि ते मजुरी बुडालेल्यांना सांगितलेले आहे. चौथी ओवी वगळून सातवी वाचली की फायदा कोणाचा होतो, हे निराळे सांगायला नको.

मग धीराचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला? माझ्यापुढे जॉर्ज बोवेन येतात. 1816 साली अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये जन्मलेले, तरुणपणी पक्के नास्तिक. वाग्दत्त वधू वारली. तिने मागे ठेवलेले बायबल त्यांच्या हाती आले, आणि तिथून वळण लागले. 1848च्या जानेवारीत अमेरिकन मिशनतर्फे ते मुंबईत उतरले. थोड्याच काळात मिशनचा पगार सोडून देशी वस्तीतल्या लहानशा खोलीत राहू लागले. मराठी शिकले, रस्त्यावर उभे राहून उपदेश करू लागले. 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र त्यांनी वर्षानुवर्षे चालवले.

मिशनच्या हिशेबात या माणसाचे खाते जवळजवळ कोरेच. चाळीस वर्षांच्या उपदेशाने ख्रिस्ती झालेली माणसे फारच थोडी. यशस्वी मिशनऱ्यांची चरित्रे वाचून झाल्यावर बोवेन वाचावेत, असे मी म्हणेन. धर्मांतराबद्दल वाचकाचे मत काहीही असो, इथे वाट पाहायला सांगणारा स्वतःही त्याच रांगेत उभा होता. रांगेबाहेर खुर्ची टाकून बसला नव्हता. अमेरिकेला ते एकदाही परतले नाहीत. 1888च्या फेब्रुवारीत मुंबईतच वारले.