बुळकांडी, लम्पी आणि पुण्यातून गेलेली प्रयोगशाळा

लम्पीच्या वेळचं आठवतंय ना? २०२२ चा सप्टेंबर. जनावरांचे बाजार बंद, गोठ्यात माश्या घालवायला सकाळ-संध्याकाळ धूर, आणि गाईच्या अंगावर एक गाठ दिसली तरी घरात कुणाला घास जात नव्हता. तेव्हा बारामती-इंदापुरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: नमुना कुठं पाठवलाय, रिपोर्ट कधी येणार?

फार कमी लोकांना माहीत आहे, पण देशातली पहिली पशुरोग प्रयोगशाळा आपल्याच जिल्ह्यात निघाली होती. ९ डिसेंबर १८८९ ला, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत. नाव इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. कारण होतं बुळकांडी. आधी ताप, मग तोंडात फोड, मग हगवण, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत दावण रिकामी. १८७१ मध्येच सरकारच्या आयोगानं या रोगावर मोठा अहवाल दिला होता.

तेव्हाचा आपला भाग डोळ्यासमोर आणा. १८७६ च्या दुष्काळात काम निघालेला नीरा डावा कालवा नुकताच वाहायला लागला होता. पाणी आलं, पण नांगर, मोट, गाडी सगळं बैलावर. बैल गेला की पाणी असूनही रान पड. (इंग्रजांना आपल्या बैलांचा कळवळा होता असं नाही, शेतसारा त्याच बैलांच्या जिवावर निघायचा.)

पण भर वस्तीत, गुराढोरांच्या मध्ये असले जंतू बाळगायचे म्हणजे धोकाच. म्हणून १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात, थंड आणि एकाकी मुक्तेश्वरला हलवली. निर्णय बरोबरच होता. १८९७ मध्ये खुद्द रॉबर्ट कॉख तिथं जाऊन आले. पुढं तिथंच बुळकांडीची लस तयार झाली, बकऱ्यांच्या शरीरात विषाणू वाढवून सौम्य केलेली. १९५४ पासून देशभर लसीकरणाची मोहीम चालली. तीच संस्था आज आयव्हीआरआय म्हणून ओळखली जाते, बरेलीजवळ इज्जतनगरला.

पुणं अगदीच रिकामं राहिलं असं नाही. औंधला सरकारी लसनिर्मिती संस्था आहे, रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे. पण २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा शेवटची खात्री भोपाळच्या प्रयोगशाळेतूनच झाली, आणि अशा रोगांचं आजही तसंच आहे. लम्पीत तर आपण शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली, कारण हाताशी तीच होती.

मातीच्या बाबतीत आपण नशीबवान. माती, पाणी तपासायला शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र आहे. माळेगावला २००९ पासून अजैविक ताणावरची राष्ट्रीय संस्थाही आली. बोरीचा द्राक्षवाला देठ परीक्षण केल्याशिवाय खताला हात लावत नाही. पण ज्या गाईच्या दुधावर घरखर्च चालतो, तिच्या रक्ताचा नमुना मात्र पुण्याची वाट धरतो. दोन्ही तालुक्यांत दुधाचा एवढा पसारा असताना पशुरोग निदानाची पक्की सोय इथंच का नको, हे आपल्या पुढाऱ्यांना मतं मागायला येतील तेव्हा विचारा.

आणि घरात कुणी जुनं माणूस बुळकांडीच्या आठवणी सांगत असेल तर लिहून ठेवा. देशात त्या रोगाचं शेवटचं जनावर १९९५ ला सापडलं, २०११ मध्ये तो जगातूनच गेला. पाहिलेली माणसं आता थोडीच उरलीत.