गडाचा घेरा आणि जागतिक वारसा

ता. ११ जुलै २०२५ रोजीं पॅरिस येथें भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनांत मराठ्यांचे बारा दुर्ग वारशाच्या यादींत दाखल झाले, हें वाचकांस विदित आहेच. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रांतील. बारावा जिंजी, तमिळनाडूंतील. राजाराम महाराजांनीं जेथें मोंगलांशीं झुंज मांडली तो जिंजी वगळला असता तर ही मालिका आम्हांस लंगडीच वाटली असती.

ही यादी ज्या करारान्वयें होते तो युनेस्कोच्या विद्यमानें १९७२ सालीं झाला. भारतानें तो १९७७ सालीं मान्य केला. आस्वानच्या धरणामुळें अबू सिंबेलचीं देवालयें बुडण्याचा प्रसंग आला, तेव्हां अनेक राष्ट्रांनीं द्रव्य व कसब पुरवून तीं १९६४ ते १९६८ या काळांत कापून उंचावर नेलीं. कराराच्या मुळाशीं हा अनुभव आहे. परंतु देवालय उचलून नेतां येतें, डोंगर नेतां येत नाहीं. म्हणून स्थळाभोंवतीं संरक्षणाचा पट्टा आंखण्याची पद्धति पडली.

हा पट्टा आमच्या दफ्तरांस नवा नाहीं. त्यास जुना शब्द 'घेरा'. गडाचा पायथा, मेटें, भोंवतालचें रान व वस्ती यांचा विचार घेऱ्याबरोबरच होई. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत तर गडाची झाडी हें गडाचें रक्षणच मानून ती वाढविण्याची ताकीद आहे. पॅरिसच्या मंडळींस हें ठाऊक असो वा नसो, आम्हांस असावयास हवें.

बारांपैकीं आठ दुर्ग केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे व साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे चार राज्याच्या खात्याकडे आहेत. पट्टा केवळ आजच्या मोजणीच्या नकाशावरून आंखला गेला, तर मेटकऱ्यांच्या वहिवाटी व रानाच्या जुन्या सीमा त्यांतून निसटतील. त्यांचा पुरावा खाजगी रुमालांत पडून राहील. शिक्क्याच्या राजपत्रास संग्राहकांत जो भाव आहे तो चराईच्या तंट्याच्या कागदास नाहीं. आम्हींहि असले कागद पूर्वीं बाजूस सारले आहेत, हें कबूल केलें पाहिजे.

सबब, ज्यांच्या संग्रहीं या गडांपैकीं कोणाच्याहि घेऱ्याची याद, मेटांची नेमणूक अथवा सीमेचा महजर असेल, त्यांनीं त्याची बरहुकूम नक्कल मितीसह पाठवावी. मूळ कागद आम्ही मागत नाहीं. साल्हेर व खांदेरी यांचे कागद प्रथम मिळाल्यास बरें.