नगरची चाचणी आणि माघारी येणाऱ्या मोटारी

पुण्याहून किंवा मनमाडहून नगरकडे येताना लष्करी हिरव्या रंगाची एखादी अजस्र गाडी आपल्या एसटीला मागे टाकून जाते. नगर जिल्ह्यातील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना याचे नवल वाटत नाही. रणगाडा दलाचे शिक्षण नगरमध्ये होते, १९९४ मध्ये येथे रणगाड्यांचे संग्रहालयही उभे राहिले. मात्र गावाबाहेरच्या वाहननगर या वसाहतीचे नाव 'वाहननगर' का, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेथे वाहन संशोधन आणि विकास आस्थापना, म्हणजेच व्हीआरडीई, ही संस्था आहे. देशात विकल्या जाणाऱ्या मोटारी रस्त्यावर येण्यापूर्वी ज्या थोड्या ठिकाणी तपासल्या जाऊ शकतात, त्यांपैकी हे एक. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. या लेखात आम्ही सोयीसाठी बोलीतले 'नगर' वापरले आहे.)

मग एक प्रश्न पडतो. गाडी तपासून, पास करूनच बाजारात येत असेल, तर पुढे दहा-पंधरा वर्षांनी 'अमुक सालच्या सर्व मोटारी दुरुस्तीसाठी परत आणा' असे कंपनीला का सांगावे लागते? चाचणी चुकली होती का? आणि त्या गाडीचे मालक मधल्या काळात तीनदा बदलले असतील, तर हा निरोप कोणाला मिळणार?

चकलाल्याहून नगरला

फाळणीपूर्वी लष्करी वाहनांची तपासणी करणारी आस्थापना रावळपिंडीजवळ चकलाला येथे होती. १९४७ मध्ये चकलाला पाकिस्तानात गेले आणि ही आस्थापना नगरला आली. लष्कराने घेतलेला ट्रक वाळूत रुतेल का, चढावर दम धरील का, पाण्यातून जाईल का, हे युद्धाच्या आधी कळायला हवे, हा तिच्या कामाचा गाभा. पुढे ती संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेचा भाग झाली. रणगाड्यांच्या कामासाठी १९७६ मध्ये मद्रासजवळ आवडी येथे वेगळी संस्था झाली. चाकांच्या गाड्यांचे काम नगरला राहिले.

नागरी गाड्यांचा संबंध आला तो कायद्यामुळे. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि त्याखालील १९८९ चे केंद्रीय नियम यांनी देशभर एकच चौकट घातली. यांतील नियम १२६ सांगतो, की गाडी बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने नव्या प्रकारच्या गाडीचा नमुना ठरावीक संस्थांपैकी एकीकडून तपासून घ्यावा. या संस्थांच्या यादीत पहिले नाव नगरच्या आस्थापनेचे आहे, त्यानंतर पुण्याची एआरएआय व इतर संस्था येतात. ब्रेक, दिवे, आरसे, धूर, सीटचे पट्टे अशा अनेक गोष्टी ठरलेल्या मानकांनुसार मोजल्या जातात. पुढील नियम १२६-अ प्रमाणे उत्पादन सुरू झाल्यावरही अधूनमधून गाड्या उचलून तपासतात.

येथे 'नमुना' हा शब्द महत्त्वाचा आहे.

पाच गाड्यांतून काय कळते?

समजा, एका प्रकारच्या दर हजार गाड्यांपैकी एकीत सुटा भाग सदोष आहे. आपण पाच गाड्या तपासल्या, तर दोष सापडण्याची शक्यता किती? एक गाडी निर्दोष असण्याची शक्यता ०.९९९. पाचही निर्दोष असण्याची शक्यता ०.९९९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.९९५. म्हणजे दोष हाती लागण्याची शक्यता अर्धा टक्का, दोनशेत एकदा. ही शक्यता ९५ टक्क्यांवर न्यायची तर सुमारे तीन हजार गाड्या तपासाव्या लागतील. एवढ्या गाड्या कोणतीही चाचणी संस्था तपासू शकत नाही.

दुसरी अडचण अशी, की तपासणीला आलेली गाडी ही विक्रीच्या गाड्यांसारखीच आहे, हे गृहीत धरावे लागते. जनरल मोटर्सच्या भारतीय कंपनीने २०१३ मध्ये सुमारे १ लाख १४ हजार टवेरा गाड्या माघारी बोलावल्या. तपासणीच्या वेळी काही कर्मचाऱ्यांनी निवडक इंजिने बसवली होती, असे कंपनीच्याच चौकशीत आढळले व तिने ते सरकारला कळवले. शिर्डी-शनिशिंगणापूरच्या वाटेवर भाविकांना नेणाऱ्या भाड्याच्या गाड्यांत टवेरा त्या काळी नेहमी दिसे. नमुना वेगळा आणि माल वेगळा असेल, तर मोजमाप कितीही काटेकोर असो, ते भलत्याच गाडीचे ठरते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. काही दोष गाडी नवी असताना नसतातच. ते वयानुसार तयार होतात.

पिशवी फुगवणारा डबा

महागड्या मोटारींत आधी आणि नंतर साध्या मोटारींतही एअरबॅग आली. धडक होताच स्टिअरिंगच्या मध्यातून हवेची पिशवी बाहेर पडते आणि सेकंदाच्या तीस-चाळीस सहस्रांश भागात फुगते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. एवढ्या झटपट वायू तयार करायचा तर पंप उपयोगाचा नाही, रसायन जाळावे लागते. धातूच्या एका लहान डब्यात त्या रसायनाच्या वड्या असतात. या डब्याला इन्फ्लेटर म्हणतात.

जपानच्या टाकाटा कंपनीने आपल्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरले. शेतकऱ्यांना ते खत म्हणून परिचित आहे. ते स्वस्त असते, पण त्याला दोन खोडी आहेत. सुमारे ३२ अंश सेल्सियसला त्याच्या स्फटिकांची रचना आणि आकारमान बदलते, आणि ते हवेतील ओलावा शोषते. पहिली खोड आवरण्यासाठी त्यात दुसरे क्षार मिसळले होते. दुसरी मात्र पूर्ण आवरली गेली नाही. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली तर काय होते ते आपण पाहतो. उन्हात उभ्या गाडीत दिवसा ताप, रात्री गारवा, त्यात डब्यात शिरलेला थोडा ओलावा, असे चक्र वर्षानुवर्षे चालले. वड्यांची घडण बिघडली आणि त्या सच्छिद्र झाल्या.

याचा परिणाम समजायला चुलीपाशी जावे. लाकडाचा ओंडका सावकाश जळतो, त्याच लाकडाच्या ढलप्या भराभर जळतात, कारण हवेला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. बिघडलेल्या वडीचा पृष्ठभागही वाढलेला असतो. ती ठरल्यापेक्षा वेगाने जळते, डब्यातला दाब सहन होण्यापलीकडे जातो आणि डबा फुटून धातूचे तुकडे पिशवी फाडून चालकाच्या अंगात घुसतात. जी वस्तू जीव वाचवायची, तीच जीव घेते.

अशी पहिली ज्ञात घटना २००४ मध्ये अमेरिकेत होंडा अकॉर्ड मोटारीत घडली. २००८ मध्ये पहिल्यांदा गाड्या माघारी बोलावल्या गेल्या, त्या सुमारे चार हजार. पुढे तक्रारी जोडल्या जाऊ लागल्या तेव्हा दिसले, की प्रश्न एका गाडीचा नाही, डब्याचा आहे, आणि तोच डबा अनेक कंपन्यांच्या गाड्यांत आहे. अमेरिकेतच सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर बदलण्याचा आदेश निघाला. २०१७ मध्ये टाकाटा दिवाळखोरीत गेली. नव्या डब्याची चाचणी उत्तीर्ण होत होती, कारण तो नवा होता. नापास झाला तो उन्हात आणि दमट हवेत काही वर्षे काढलेला डबा.

गाडीचे पूर्वायुष्य

अमेरिकेच्या सरकारने राज्यांचे हवामानानुसार विभाग पाडले आणि उष्ण-दमट प्रदेशांतील गाड्यांना आधी बोलावले. त्यात एक अट लक्ष देण्यासारखी होती. गाडी आज कोठे आहे एवढेच पाहायचे नाही, ती पूर्वी कधीही अशा प्रदेशात नोंदलेली असेल तरी ती धोक्याच्या गटात धरायची.

आपल्या जिल्ह्याला हे लागू करून पाहा. नगरचा बराचसा भाग पर्जन्यछायेत, कोरडा. पण पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघरला धो-धो पाऊस. आणि जुन्या मोटारी कोठून येतात? अनेकदा मुंबईहून. मुंबईत दहा पावसाळे काढलेली आलिशान सेडान नव्या किमतीच्या लहानशा भागात मिळते, तिला एमएच-१६ किंवा श्रीरामपूरचा एमएच-१७ क्रमांक मिळतो आणि ती दारात उभी राहते. पाटी बदलली तरी डब्यात शिरलेला ओलावा बदलत नाही.

निरोपही तसाच अडतो. कंपनीजवळ पत्ता असतो पहिल्या मालकाचा. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात २००१ सालच्या एका मोटारीतील महिला अशाच स्फोटाने मरण पावली. ती गाडी आधीच बोलावलेल्यांपैकी होती, कंपनीने वेळोवेळी मालकांना पत्रेही पाठवली होती. पण गाडी हातोहात फिरली आणि दुरुस्ती कधीच झाली नव्हती.

कायद्याची वाट

उत्पादकाने दोष कळवलाच पाहिजे, हे तत्त्व अमेरिकेने १९६६ च्या कायद्यात आणले. त्याआधीच्या वर्षी राल्फ नाडर यांच्या पुस्तकाने असुरक्षित मोटारींविषयी मोठा गदारोळ उठवला होता. दुरुस्ती फुकट करून देण्याचे बंधन १९७४ मध्ये आले.

भारतात मोटार उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेची संहिता केली. सक्तीची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली, कलम ११०-अ. मालकांच्या ठरावीक प्रमाणातील तक्रारी, चाचणी संस्थेचा अहवाल किंवा अन्य मार्गाने दोष कळला, तर केंद्र सरकार त्या प्रकारच्या गाड्या माघारी बोलावण्याचा आदेश देऊ शकते. दोष सुट्या भागात असेल, तर तो भाग असलेल्या सर्व गाड्या, मग त्या कोणत्याही प्रकारच्या असोत. या वाक्यामागे एअरबॅगच्या डब्याचा धडा वाचता येतो. उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावल्या, तर त्याला दंड नाही. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत.

पण या नियमांत एक मर्यादा आहे. ते सात वर्षांहून कमी वयाच्या गाड्यांपुरते आहेत. आता एक उदाहरण घ्या. होंडाच्या भारतीय कंपनीने मे २०१९ मध्ये २००३ ते २००६ या काळात बनलेल्या ३,६६९ अकॉर्ड मोटारी टाकाटाच्या डब्यांसाठी स्वेच्छेने बोलावल्या. तेव्हा त्यांचे वय तेरा ते सोळा वर्षांचे होते. सक्तीचा नियम त्या वयापर्यंत पोचत नाही. म्हणजे जे दोष वयानेच तयार होतात, ज्यांची झळ जुनी गाडी घेणाऱ्याला बसते, त्यांच्याबाबत आपण उत्पादकाच्या इच्छेवर अवलंबून आहोत. आमच्या मते सुट्या भागाच्या आयुष्याचा विचार करून ही मर्यादा ठरवायला हवी.

तक्रार हेही निरीक्षण

सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. नगरची चाचणी चुकत नाही, ती तिला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते: हा नमुना आज मानकाला उतरतो का? दहा वर्षांनी काय होईल, हजारात एक गाडी कशी वागेल, याचे उत्तर रस्त्यावरच मिळते. एक लाख गाड्या धावत असतील, तर हजारात एक हा दोष शंभर मालकांना दिसतो. वाहननगरच्या धावपट्टीपेक्षा ही चाचणी कितीतरी मोठी आहे. मात्र त्या शंभरांनी 'आपलेच नशीब' म्हणून गॅरेजमध्ये पैसे भरले आणि गप्प बसले, तर शंभर निरीक्षणे वाया गेली. तक्रारीला आपण कुरकुर समजतो. ती वेळ, जागा, किलोमीटर आणि लक्षणांसह लिहिली, तर ती विज्ञानाच्या वहीतील नोंदच असते.

वर्गात करण्यासारखे दोन उपक्रम सुचवतो. पहिला: एका डब्यात ज्वारीचे हजार दाणे मोजून घ्या, एक दाणा रंगवा. प्रत्येक मुलाने न पाहता पाच दाणे काढावेत, मोजावेत, परत टाकावेत. रंगीत दाणा किती जणांना मिळतो ते पाहा आणि वरच्या गणिताशी ताडून बघा. दुसरा: मुलांनी घरच्या किंवा शेजारच्या चारचाकीच्या आरसी बुकात चेसिस क्रमांक शोधावा. तो सहसा सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात. का बरे, हे मुलांनाच सांगू द्या. नंतर मालकाने तो क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सेवा केंद्रात विचारावे, की ही गाडी कधी बोलावली गेली होती का, आणि ते काम झाले का. माघारी बोलावलेल्या गाडीचे हे काम दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही फुकट करून मिळते.

पाटीवरचा नंबर आणि मालकाचे नाव बदलते. चेसिस क्रमांक बदलत नाही. जुनी गाडी घेताना रंग, सीट आणि गाणी वाजवणारे यंत्र पाहण्याआधी तो वाचावा, एवढे एखाद्या मुलाने घरी जाऊन सांगितले तरी आमचा हा लेख कारणी लागला.