डब्यावरील रंगीत चौकोन

कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एका कोनावर उभा केलेला लहानसा चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागांत तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. या चार रंगांमागें एक करुण इतिहास आहे.

सन १९५८ मध्यें केरळांत पिठाचे पदार्थ खाऊन शंभराहून अधिक माणसें दगावलीं. पीठ नासलेलें नव्हतें. ज्या जहाजांतून तें आलें त्याच जहाजांत पॅराथिऑन नांवाचें जहाल कीटकनाशक लादलेलें होतें, आणि तें गळून खाद्यपदार्थांत मुरलें. अन्नाशेजारीं विष ठेवूं नये हें कोणतीहि गृहिणी जाणते. पण तसें बजावणारा सर्व देशासाठीं एक कायदा तेव्हां नव्हता. चौकशी झाली, शिफारसी झाल्या, आणि १९६८ सालीं कीटकनाशकांचा कायदा संमत झाला. तो अंमलांत यावयास १९७१ साल उजाडलें. ही सावकाशी किडींना खासच मानवली असेल!

विषांची प्रतवारी ठरली ती मुख्यतः उंदरांच्या मरणावरून. ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२७ सालीं एक माप सुचविलें होतें: ज्या मात्रेनें प्रयोगांतील निम्मीं जनावरें मरतात, ती मात्रा त्या विषाची तीव्रता दाखविते. शरीराच्या दर किलो वजनामागें ५० मिलिग्रॅमपर्यंतचें विष तोंडावाटें देऊन एवढा संहार होत असेल, तर तांबडा रंग आणि वर कवटी व हाडांचें चिन्ह. ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढें हिरवा. कातडीवाटें होणाऱ्या बाधेसाठीं निराळे आंकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची १९७५ ची वर्गवारीहि याच जातीच्या मापावर उभारलेली आहे. ज्याला अक्षर वाचतां येत नाहीं त्यालाहि रंग ओळखतां येतो, एवढें श्रेय या पद्धतीला दिलेंच पाहिजे.

परंतु प्रयोगशाळेंत उंदराला विष एकदांच दिलें जातें. फवारणी करणारा तें दिवसेंदिवस घेत असतो. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले. पुष्कळांच्या अंगावर संरक्षक कपडे नव्हते. दोन-तीन औषधें एकत्र कालविण्याची रीतहि होतीच. अशा मिश्रणाचा रंग कोणता, हें कोणत्या डब्यावर सांपडणार?

दुसरी उणीव याहून खोल आहे. पक्ष्यांच्या अंड्यांचीं कवचें पातळ करणारें डीडीटी उंदराच्या मापानें पिवळ्या वर्गांतच बसतें. मातींत व प्राण्यांच्या चरबींत तें वर्षानुवर्षें टिकतें, याची त्या मापांत नोंदच नाहीं. एण्डोसल्फानहि पिवळ्याच वर्गांतलें. ज्या केरळच्या दुःखांतून हा कायदा निपजला, त्याच केरळच्या कासरगोड जिल्ह्यांत काजूच्या बागांवर तें हेलिकॉप्टरांतून २००० सालापर्यंत, सुमारें वीस वर्षें, फवारलें गेलें. व्यंगें घेऊन जन्मणाऱ्या मुलांविषयीं गांवकऱ्यांची तक्रार वाढत गेली. अखेर २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एण्डोसल्फानच्या उत्पादनावर व विक्रीवर देशभर मनाई केली, आणि २०१७ सालीं बाधितांना प्रत्येकीं ५ लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारास दिला.